नियम बरोबर, पण कारण कुठे आहे?

पाइपने घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूविषयी मुलांसाठी जी भित्तिपत्रके व पुस्तिका निघतात, त्यांतील सूचना साधारण सारख्याच असतात: वास आला तर बाहेर पडा, दिव्याचे बटण दाबू नका, मोठ्यांना सांगा. या सूचना योग्यच आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्यांमागील विज्ञान गाळण्याला.

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेनला वास नसतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन येथील शाळेच्या इमारतीखाली असा वायू साठत गेला, तरी कोणाला कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी झालेल्या स्फोटात सुमारे ३०० जण मृत्यू पावले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचा कायदा तेथे झाला. म्हणजे घरी येणारा वास हा माणसाने मुद्दाम घातलेला इशारा आहे.

दुसरी उणीव म्हणजे सिलिंडरविषयीची माहिती जशीच्या तशी पाइपच्या वायूला लावणे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मिथेन हलका असल्याने छताकडे जातो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असले, की बटणातील बारीक ठिणगीही स्फोटाला पुरते. बटण न दाबण्याचे कारण हेच.

कारण कळलेले मूल पुस्तिकेत नसलेल्या प्रसंगीही योग्य वागू शकते. म्हणून शिक्षकांनी नियम पाठ करून घेण्यापूर्वी ही कारणे वर्गात चर्चेला घ्यावीत, असे आम्हाला वाटते.