काझिमिरची जत्रा

युरोपच्या प्रवासवर्णनात म्युनिकचे प्रकरण आले की पुढे काय येणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. दोन्ही हातांत मिळून दहा-बारा भरलेले मग उचलून गर्दीतून वाट काढणारी बाई येते, पिसाच्या टोपीतला लठ्ठ म्हातारा येतो, बाकांवर उभे राहून गाणारी मंडळी येतात, आणि अखेरीस जगावे कसे ते या लोकांकडून शिकावे, अशा अर्थाचे एक वाक्य येते. वाक्य वाईट नाही. पण ते लिहिणारा तास-दोन तास मंडपात बसून हॉटेलवर परतलेला असतो, आणि जत्रा अशी तास-दोन तासांत हाती लागत नाही. ऑक्टोबरफेस्टला जाणाऱ्याने सामानात एक नाटक ठेवावे, असे माझे मत आहे. ओडन फॉन होर्वाट या नाटककाराचे 'काझिमिर आणि कारोलिने'. १९३२ साली ते लाइपझिगला प्रथम रंगभूमीवर आले, आणि आरंभापासून अखेरपर्यंत ते या जत्रेतच घडते.

आधी जत्रेविषयी थोडेसे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला. त्या आनंदात १७ तारखेला गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली, आणि माळाला नव्या नवरीचे नाव मिळाले. पुढे शर्यती बंद पडल्या, बिअर राहिली. हल्ली ऑक्टोबरचे नाव लावणारा हा उत्सव सप्टेंबरातच सुरू होतो. कारण साधे आहे, तेव्हा हवा बरी असते! बिअर फक्त म्युनिकच्याच सहा कारखान्यांची. पहिल्या दिवशी भर दुपारी बारा वाजता महापौर लाकडी हातोड्याने पिंपाला तोटी ठोकतो. प्रवासी हा विधी राजेरजवाड्यांच्या काळचा समजून भक्तिभावाने फोटो काढतात. महापौरांनी तोटी ठोकण्याची ही रूढी १९५० सालची आहे. ज्या झग्याला आज लोक अस्सल बव्हेरियन पोशाख म्हणून मोठी किंमत देतात, तो तर एके काळी शेतावर राबणाऱ्या मोलकरणींचा कामाचा झगा होता. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. उत्सव असेच वाढतात. पण आपण जे पाहतो ते फार जुने आहे या समजुतीत आपण इतके रमतो, की शेजारच्या बाकावर कोण बसले आहे हे पाहायचेच राहून जाते.

होर्वाट नेमके तेवढेच पाहतो. त्याचा काझिमिर मोटारचालक आहे आणि आदल्याच दिवशी त्याची नोकरी गेली आहे. कारोलिने ही त्याची ठरलेली मुलगी. तिला आज आइस्क्रीम खायचे आहे, चढउतारांच्या गाडीत बसायचे आहे, चार घटका मजा करायची आहे. आकाशातून झेपेलिनचे अवाढव्य हवाई जहाज जाते. सारे माना उंचावून पाहतात, आणि काझिमिरला मात्र वर उडणारे मूठभर धनिक आणि खाली उपाशी असलेली लाखो माणसे दिसतात. एवढ्यावरून दोघांचे बिनसते. पुढे एक कपडे बेतणारा कारकुनी वृत्तीचा तरुण तिला भेटतो. मग त्याचा मोठा मालक येतो, आणि तो तरुण बढतीच्या आशेने निमूटपणे बाजूला सरतो. नाटकात खून नाही, मोठा आक्रोश नाही. पाळणे फिरतात, बँड वाजतो, आणि दोन माणसे एकमेकांपासून तुटत जातात.

मला या नाटकात सर्वांत मोलाची वाटते ती कारोलिने. हलक्या हाताच्या लेखकाने तिला चंचल बाई ठरवून टाकले असते. होर्वाट तसे करीत नाही. घरात संकट आले म्हणून सणाच्या दिवशी हसूच नये काय, हा तिचा प्रश्न खोटा नाही. आणि जिचा हात धरून जत्रेत जायचे तिच्यासमोर रिकामा खिसा घेऊन उभे राहण्याची काझिमिरची लाजही खोटी नाही. दोघांचेही खरे असते तेव्हाच भांडण मिटत नाही, हे संसार केलेल्या वाचकाला मी काय सांगावे! दोष काढायचाच तर मालक आणि त्याचा न्यायाधीश मित्र ही माणसे फार एकरंगी झाली आहेत. ते आले की नाटककाराच्या हातातली काठी दिसू लागते. कारोलिनेच्या वाट्याला जी समजूत आली, तिचा लवलेशही या दोघांना मिळत नाही.

हे नाटक डोक्यात असताना मी त्या माळावर गेलो, म्हणून माझी नजर मंडपात शिरण्याआधीच अडली. माळावर यायला तिकीट नाही. खरी पारख मंडपात होते. २०२५ साली लिटरभर बिअरला पंधरा युरोंच्या आसपास मोजावे लागत होते. आणि स्टेशनाकडून येणारी तरुण पोरे जिथे हातातल्या बाटल्या संपवून टाकीत होती, तिथे एक वयस्क गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. स्वच्छ कोट, विंचरलेले केस. बिअरची रिकामी काचेची बाटली जर्मनीत दुकानात परत केली की ८ सेंट मिळतात. मी मनातल्या मनात हिशेब केला : आतल्या एका मगासाठी या गृहस्थांना सुमारे १९० बाटल्या उचलाव्या लागतील. ते मात्र मंडपांकडे पाहतही नव्हते.

त्याच मुख्य प्रवेशद्वारापाशी २६ सप्टेंबर १९८० च्या बॉम्बस्फोटाचे स्मारक आहे. स्फोट घडवणाऱ्यासह तेरा माणसे तिथे गेली. दोन तरुणी त्याच्या शेजारी उभ्या राहून टोप्या सारख्या करीत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. कारोलिने वाचल्यावर तो येत नाही.

जाणाऱ्यांना एक सांगतो. शनिवार-रविवार टाळावा आणि दुपारीच जावे. २००५ पासून मोठ्या मंडपांत संध्याकाळी सहापर्यंत बँडचा आवाज ८५ डेसिबलच्या आत ठेवण्याचा नियम आहे. म्हातारी जोडपी, लेकुरवाळ्या बायका याच वेळी येतात, भाजलेली अर्धी कोंबडी वाटून खातात. होर्वाटच्या संवादांत जागोजाग 'शांतता' अशी सूचना लिहिलेली असते. ती शांतता मंडपात कुठून मिळणार. पण त्या तीन-चार तासांत समोरच्या बाकावरचे नवराबायको कशावरून कुरबुरत आहेत, एवढे भाषा येत नसली तरी समजते.