एक पत्र, अनेक भाषा

नियतकालिकाच्या संपादकाची परीक्षा त्याच्या अग्रलेखांवरून करण्याची आपणांस सवय लागलेली आहे. परंतु ज्या पत्राचे वाचक एकाच भाषेचे नाहींत, त्याच्या बाबतींत ही कसोटी अपुरी पडते. तेथें कोणता मजकूर कोणत्या भाषेंत छापिला, आणि कोणाच्या वाट्यास कोरा कागद आला, हें आधीं पाहावें लागतें.

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढिलें, तेव्हां पानाचे दोन रकाने करून एका रकान्यांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी मजकूर घातला. ही व्यवस्था आज बाळबोध वाटेल. परंतु तिच्यांत एक मोठा गुण होता. राज्यकर्ते व एतद्देशीय असे दोन्ही वाचक एकाच पानावर एकमेकांच्या दृष्टीसमोर होते.

१८८१ सालीं पुण्याच्या मंडळींनीं निराळी वाट धरली : 'केसरी' मराठींत, 'मराठा' इंग्रजींत. ही वांटणी सोयीची खरी, आणि 'केसरी'च्या मराठीला जें तेज चढलें त्याचें थोडें श्रेय तिलाहि द्यावें लागेल. दुसऱ्या भाषेचें ओझें उतरलें कीं लेखणी मोकळी चालते. मात्र आगरकरांनीं 'केसरी' सोडल्यावर १८८८ सालीं 'सुधारक' काढिला, तो पुन्हां द्विभाषी! मराठी बाजू स्वतःकडे व इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. ज्यास घरांतल्या माणसांशींच वाद घालावयाचा आहे, त्यानें इंग्रजी शिकलेल्या मुलाला व न शिकलेल्या बापाला एकाच कागदावर गांठावें, हें मला सयुक्तिक वाटतें. (आगरकरांच्या मनांत हाच हेतु होता असें मी म्हणत नाहीं.)

पण या प्रश्नाचें खरें मर्म कळतें तें दक्षिण आफ्रिकेंत. नाताळ प्रांतांतून जून १९०३ मध्यें 'इंडियन ओपिनियन' हें साप्ताहिक निघालें, तें इंग्रजी, गुजराती, हिंदी व तमिळ अशा चार भाषांत. तेथील हिंदी व्यापारी बहुतेक गुजराती; गिरमिटिये मजूर बहुतांशीं तमिळ, तेलुगु व हिंदी बोलणारे. १९०६ सालीं हिंदी व तमिळ हे दोन्ही विभाग बंद झाले. गांधीजींनीं पुढें याचें कारण आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे : ते विभाग ज्यांच्याकरितां काढिले त्यांच्या उपयोगीं पडत नव्हते, आणि ते तसेच चालू ठेवण्यांत एक प्रकारची फसवणूक झाली असती.

या प्रांजळपणाबद्दल आदर बाळगूनहि माझें समाधान होत नाहीं. त्या भाषांचा योग्य संपादक न मिळणें ही उणीव कार्यालयाची. तिचा दंड मात्र वाचकानें भरला. आणि तो वाचक कोण? १९१३ च्या लढ्यांत न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी सोडून जे मजूर ट्रान्सवालच्या सीमेकडे पायीं निघाले, त्यांत तमिळ बोलणाऱ्यांचा भरणा मोठा होता. ज्यांचे पाय लढ्याला हवे होते, त्यांची लिपि पत्रांतून सात वर्षांपूर्वींच गेली होती. त्यांपैकीं कित्येकांस अक्षरओळख नव्हती, हें खरें. पण मोठ्यानें वाचून दाखविणारा एक जण असला म्हणजे पत्र साऱ्या वस्तीचें होतें.

हें लिहितांना माझेंहि मन स्वच्छ नाहीं. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांत मराठी, हिंदी व इंग्रजी असे तीन विभाग असतात. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीविषयीं अहिराणींत लेख दिला. तो कोठें घालावा हें ठरेना, म्हणून मीं तो 'शुद्ध' मराठींत उतरविला व मराठी विभागांत छापिला. अंक हातीं पडल्यावर तो मुलगा आभार मानावयास आला. जातां जातां त्यानें एवढेंच विचारलें, "सर, मूळचे कागद आपल्याकडे असले तर परत मिळतील का?"

ते मीं ठेविले नव्हते.