बार्नबसची चूक कोणी दुरुस्त करू नये

टिम बर्टनचा ‘डार्क शॅडोज’ मी शाळेत असताना पाहिला आणि मला तो आवडला होता. हे आधीच कबूल करते, कारण या मालिकेच्या चाहत्यांमध्ये असं म्हणणं म्हणजे जवळपास गुन्हाच. दोनशे वर्षं शवपेटीत अडकून थेट १९७२मध्ये बाहेर आलेला जॉनी डेप मॅकडोनाल्ड्सची पाटी बघून सैतान आठवतो, यावर तेव्हा मी पोट धरून हसले होते. मूळ मालिका मी खूप नंतर, नोकरी लागल्यावर पाहायला घेतली. रात्री जेवताना एक भाग, असं. आणि मग तोच सिनेमा परत लावला, तर हसू आलं नाही.

मूळ ‘डार्क शॅडोज’ एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात दुपारच्या वेळी लागायची. सोमवार ते शुक्रवार, रोज अर्धा तास, एकूण १,२२५ भाग. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक गाव, टेकडीवरचा कॉलिन्सवूड वाडा आणि तिथे मुलाला शिकवायला आलेली अनाथ व्हिक्टोरिया विंटर्स. सुरुवातीला भूतबित काही नव्हतं, नुसती उदास माणसं आणि दारं. टीआरपी कोसळत होता. निर्माता डॅन कर्टिसने आधी भूत आणलं, ते चाललं. मग एप्रिल १९६७मध्ये, दोनशे भाग उलटून गेल्यावर, एक पिशाच आणलं. बार्नबस कॉलिन्स. बेत असा होता की काही आठवडे घाबरवायचं, छातीत खुंटी ठोकायची, विषय संपला. पण शाळा सुटल्यावर पोरं त्याच्यासाठी घराकडे धावत सुटली आणि खुंटी राहून गेली.

आता मारायचं नाही म्हटल्यावर लेखकांपुढे प्रश्न आला, की रोज दुपारी याचं करायचं काय? म्हणून त्याला भूतकाळ दिला, १७९५ सालात नेलं, प्रेम दिलं, शाप दिला, पश्चात्ताप दिला. आज प्रत्येक दुसऱ्या वेबसिरीजमध्ये दिसणारं दुःखी, स्वतःचाच तिटकारा असलेलं पिशाच अमेरिकन टीव्हीवर आलं ते असं, डेडलाइनच्या रेट्यात. प्रॉडक्शनमध्ये चुकून गेलेल्या बगच्याच लोक प्रेमात पडावेत आणि मग तो काढायची कोणाची हिंमत होऊ नये, तसलाच प्रकार.

रिमेकवरच्या भांडणात हाच मुद्दा निसटतो. भांडण बहुतेक वेळा नटांवरून होतं. जोनाथन फ्रिड खरा, बेन क्रॉस देखणा पण थंड, डेप म्हणजे विदूषक. किंवा मग निष्ठेवरून, म्हणजे बर्टनने मूळ निर्मात्याच्या कल्पनेची चेष्टा केली, वगैरे. मला हे दुसरं पटत नाही. मूळ निर्मात्याची कल्पना काय होती, हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याने स्वतःच पहिला रिमेक केला. मालिका चालू असतानाच, १९७०मध्ये, कर्टिसने तेच नट घेऊन ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ हा सिनेमा काढला. त्यात बार्नबस निर्दय आहे. रक्त वाहतं, डॉक्टर ज्युलिया हॉफमनचा तो गळा दाबतो आणि शेवटी स्वतः मरतो. म्हणजे संधी मिळताच कर्टिसने खुंटी ठोकली! चाहते ज्या बार्नबसवर जीव टाकतात, तो निर्मात्याला हवा होता त्यापेक्षा वेगळाच होता.

१९९१ची एनबीसीवरची आवृत्तीही कर्टिसचीच. दिसायला श्रीमंत, अभिनय नेटका, चुका नाहीत. ती बारा भागांत संपली. ऐन आखाती युद्धात सुरू झाल्याने बातम्यांखाली दबली, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण मला वाटतं, युद्ध नसतं तरी तिची अडचण सुटली नसती. तिथे पहिल्याच भागात शवपेटी उघडते. बार्नबसवर प्रेम करायचंय हे मालिकेला आधीपासून माहीत असतं आणि आपल्यालाही. २००४मध्ये डब्ल्यूबी वाहिनीसाठी एक पायलट झाला, तो तर प्रसारितच झाला नाही.

फ्रिडबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. तो रंगभूमीवरचा, शेक्सपिअर करणारा कॅनेडियन नट. संवाद पाठ व्हायचे नाहीत. व्हिडिओटेप कापणं-जोडणं महाग, म्हणून चित्रीकरण जवळजवळ सलग चालायचं आणि रिटेक फारच क्वचित. त्यामुळे मालिकेत माइक फ्रेममध्ये येतो, थडगी हलतात, नटाच्या तोंडावर माशी बसते. आणि फ्रिड वाक्याच्या मध्येच थांबतो, नजर टेलिप्रॉम्प्टरकडे वळवतो, शब्द शोधतो. तुम्ही हे हसत बघायला लागता. पण पन्नासेक भागांनंतर जाणवतं, की माणसांत मिसळलेल्या पिशाचाची नजर अशीच असणार. पुढचं वाक्य चुकलं तर सगळं उघडं पडेल, ही भीती नटाची की पात्राची, सांगता येत नाही. बेन क्रॉस एकदाही अडखळत नाही. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

बर्टनच्या सिनेमाबद्दलचा राग म्हणूनच मला अर्धा समजतो. तो आणि डेप लहानपणापासूनचे चाहते, त्यांनी प्रेमानेच केलं असणार. विनोदालाही माझी हरकत नाही, मूळ मालिका हास्यास्पद आहेच. पण तिथल्या कोणालाही ते माहीत नसल्यासारखं ते काम करतात. सिनेमात मात्र सगळे आपल्याकडे बघून डोळा मारतात. आणि ज्युलिया! ग्रेसन हॉलची ज्युलिया बार्नबसला बरं करायला येते, त्याच्या प्रेमात पडते आणि मग शेकडो भाग ते गिळून त्याच्या मदतीला उभी राहते. तो दुसरीच्या स्वप्नात असतो आणि ही इंजेक्शन भरत असते. सिनेमातली ज्युलिया अमर व्हायला त्याचं रक्त चोरते, तो तिला मारून समुद्रात टाकून देतो. पाच-सात मिनिटांचं काम. तिचं एकतर्फी प्रेम दोन तासांत मावत नाही, कारण त्यात घडत काहीच नाही. ते फक्त रोज असतं.

मूळ मालिका साधारण साडेचारशे तासांची आहे. चाहत्यांनी आपसात भांडावं, पण पुढच्या रिमेकसाठी ‘योग्य बार्नबस’ शोधत बसू नये असं मला वाटतं. योग्य ज्युलिया तर त्याहून नाही.

इतक्या भागांपैकी फक्त एक हरवला आहे, क्रमांक १,२१९. कोणीतरी घरी टीव्हीसमोर रेकॉर्ड केलेला त्याचा आवाज तेवढा उरला होता. त्याला स्थिरचित्रं जोडून तो परत उभा केला गेला. एका भागाचा रिमेकच म्हणायचा, पण त्यावरून कोणी भांडल्याचं माझ्या वाचनात नाही. मी अजून तिथवर पोचलेले नाही. सध्या १८९७ साल नुकतंच सुरू झालंय, क्वेंटिन आत्ता कुठे बोलायला लागलाय.