पडद्यावरची गर्दी आणि इब्राहिमखानाचे गारदी

ऐतिहासिक युद्धपटांना आपल्याकडे बरे दिवस आले आहेत. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५), ‘पानिपत’ (२०१९), ‘तान्हाजी’ (२०२०), ‘पावनखिंड’ (२०२२), ‘छावा’ (२०२५) अशी रांगच लागली. जालना जिल्ह्यातही हे चित्रपट गर्दी खेचतात आणि त्या गर्दीत आमच्या मोहल्ल्यातील पोरेही असतात. या चित्रपटांविषयी आमच्या समाजात दोनच सूर ऐकू येतात. हे सारे आपल्याविरुद्ध आहे, बघूच नये, हा एक. आणि सिनेमाच तो, इतके मनावर काय घ्यायचे, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. युद्धपट हा अवघड कलाप्रकार आहे आणि त्याला कलेच्याच कसोटीवर घासून बघितले पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: एवढे घोडे, एवढी धूळ, एवढा दारूगोळा खर्च करून लढाई समजली का? कोण कुठे उभा होता, कुणामुळे कोण हरला, हे प्रेक्षकाला कळले का?

या कसोटीला उतरणारा चित्रपट म्हणून मला सर्गेई बोंदार्चुक या रशियन दिग्दर्शकाचा ‘वॉटर्लू’ (१९७०) आठवतो. त्यातला वेलिंग्टन आम्हा जालनेकरांना परका नाही. भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. बोंदार्चुकने सोव्हिएत लष्कराचे सुमारे पंधरा हजार सैनिक मैदानात उतरवले. पण त्याचे मोठेपण या आकड्यात नाही. फ्रेंच घोडदळ इंग्रजांच्या चौकोनी रचनांवर तुटून पडते तेव्हा कॅमेरा उंच आकाशात जातो. खाली माणसांचे चौकोन, त्यांच्याभोवती भोवऱ्यासारखे फिरणारे घोडे. पायदळ जागचे हलले नाही तर घोडेस्वार का हतबल होतो, हे एकाही संवादाशिवाय डोळ्यांना समजते. भव्यता इथे कामाला लागलेली आहे.

आता आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ घ्या. हा विषय तर आमच्या अंगणातला. उदगीरच्या विजयानंतर, १४ मार्च १७६० रोजी, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले ते पडदूरहून, म्हणजे आमच्या परतूरहून. सोबत निजामाची चाकरी सोडून आलेला इब्राहिमखान गारदी आणि त्याचे कवायती पायदळ होते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंनी आखली ती गोलाची लढाई. उपासमारीने खंगलेली फौज, बाजारबुणगे, बायकापोरे मध्ये घ्यायची, बाहेरून तोफा आणि बंदुकांचे कडे करायचे आणि तसेच यमुनेच्या बाजूला दिल्लीच्या रोखाने सरकायचे. या कड्याची धार म्हणजे डाव्या बाजूचे गारदी. सकाळी त्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण शेजारचे विंचूरकर-गायकवाडांचे स्वार उतावीळपणे रांग सोडून पुढे घुसले, आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आले आणि मार खाऊन मागे फिरले. गोलाला पहिली चीर तिथे पडली.

एवढे नाट्य तयार असताना गोवारीकरांनी काय केले? मेहनत केली, यात वाद नाही. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलेला शनिवारवाडा डोळ्यांत भरतो. कृती सेनॉनच्या पार्वतीबाईच्या तोंडून कथा सांगण्याची युक्तीही चांगली. नवाब शाह यांनी इब्राहिमखान संयमाने, उगाच आवाज न चढवता उभा केला आहे. पण ऐन रणात दिग्दर्शकाचा हात सुटतो. गोल कसा सरकतो, कुठे फाटतो, हे पडद्यावर नीट उलगडत नाही. कॅमेरा पुनःपुन्हा नायकाच्या तलवारीकडे पळतो आणि तिसऱ्या पानिपताची शेवटी एका शूराची झुंज होऊन बसते. आजूबाजूला धूर उरतो, गर्दी उरते. मग इब्राहिमखानाचे महत्त्व त्याच्या निष्ठेबद्दलच्या संवादांवर येऊन ठेपते. गोल दाखवला असता तर संवादांची गरजच नव्हती. तो आपोआप लढाईच्या मधोमध आला असता.

लढाई समजली नाही की प्रेक्षक कपड्यांवरून बाजू ओळखू लागतो. काळे कपडे, सुरमा, कच्चे मांस म्हणजे शत्रू. ‘तान्हाजी’तला उदयभान राजपूत, पण त्यालाही ‘पद्मावत’मधल्या खिलजीचाच अवतार दिला आहे. मगर भाजून खाणारा किल्लेदार! याउलट के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) बघा. अकबराकडून मानसिंग लढतो, सलीमकडून दुर्जनसिंग. बाप एकीकडे, पोरगा दुसरीकडे. पोशाखावरून तिथे काहीच ठरत नाही, म्हणून माणसांचे चेहरे बघावे लागतात.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. ‘पानिपत’ मोबाइलवर पाहून आलेल्या आठवीच्या एका मुलाने मला वर्गात विचारले, “सर, पानिपत में अपने लोगां किदर थे?” मी फळ्यावर दोन रकाने पाडून नावे लिहीत गेलो. अब्दाली, नजीबखान, शुजाउद्दौला इकडे. इब्राहिमखान, मस्तानीचा नातू नव्हे तर खुद्द मुलगा समशेर बहाद्दर तिकडे. शुजाच्या रकान्यात काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण कारभारीही लिहिला. मुले बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. जे तीन तासांच्या चित्रपटाने करायचे ते खडूने करावे लागले, एवढीच माझी तक्रार.

आणि याच काशीराजाने आपल्या फारसी वृत्तांतात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला. आपल्या शिपायांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून मी हट्ट धरत होतो, त्यावर तुम्ही रागावत होता, आता तो पैसा वाया गेला नाही हे बघा, अशा अर्थाचे बोलून तो आपल्या पलटणींकडे वळला. दिवस मावळेपर्यंत त्या पलटणींतले बहुतेक लोक कामी आले होते. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला. शुजाने त्याला आपल्या तळावर लपवले, पण अब्दालीच्या लोकांपुढे त्याचे काही चालले नाही. इब्राहिमखानाला त्यांच्या हवाली करावे लागले आणि तिथेच त्याचा अंत झाला. पगाराच्या त्या बोलाचालीपासून चित्रपट सुरू करणारा दिग्दर्शक मला बघायचा आहे.