कावेरीचे जाणे

नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून या नाटकाची चर्चा म्हणजे गणपतराव बेलवलकरांची चर्चा, असा जणू संकेतच पडून गेला आहे. डॉ. श्रीराम लागूंनी उभ्या केलेल्या त्या भूमिकेच्या तेजात शांता जोग यांची कावेरी झाकोळून जावी, यात नवल नाही. परंतु टीकाकाराने तिच्याकडे पाठ फिरवणे बरे नव्हे.

‘नटसम्राटा’च्या मागे ‘किंग लिअर’ उभे आहे, हे सर्वश्रुत आहे. लिअरजवळ मुली आहेत, विदूषक आहे. पत्नी मात्र नाही. शिरवाडकरांनी आपल्या वृद्धास पत्नी दिली. आप्पांचा ताठा सांभाळणारी, त्यांचे अपमान स्वतः गिळणारी ही ‘सरकार’ नाटककाराची स्वतंत्र निर्मिती होय. मात्र आप्पांचे भान खऱ्या अर्थाने सुटू लागते, त्यापूर्वीच ती मरण पावते. पुढे रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला राजा त्यांना आधार देतो आणि अखेरीस त्यांचे मीपण त्यांच्याच भूमिकांत विरून जाते.

आप्पा स्मृतिभ्रंशाचे रोगी नव्हेत, हे मान्य. तरीही प्रस्तुत लेखकास हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन वाटत नाही. आमच्या घरी पत्नीची स्मृती चार वर्षांपासून ओसरत आहे. चहाचा पेला विसळून होतो न होतो तोच ती पुन्हा चहा मागते. दिवेलागणीस ‘मला घरी पोचवा’ म्हणून आपल्याच दाराशी उभी राहते. एकदा मलाच विचारू लागली, ‘अहो, हे अजून कसे आले नाहीत?’ ‘येतीलच एवढ्यात,’ असे सांगून मी तिच्याजवळ बसून राहिलो. अशा वेळी मनात येते, कावेरी जगली असती तर तिने काय केले असते?

याचे उत्तर नाटककाराने टाळले, असा आरोप आम्ही करणार नाही. शोकांतिकेच्या नायकास एकाकीपण लागते. नाटकास घटना लागते. शुश्रूषेत घटना नसते, असते ती पुनरावृत्ती. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच संयम आणि एखादे दिवशी तो सुटल्याची तीच लाज. ‘अस्तु’ या 2013 च्या चित्रपटात विस्मरणाने ग्रासलेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालू लागतो. तेथेही कथेला गती मिळते ती तो घराबाहेर पडल्यावरच.

हा विषय गद्याचा आहे. इंग्लंडात जॉन बेली या समीक्षकाने पत्नी आयरिस मर्डॉक हिच्या विस्मरणाची हकीकत 1998 मध्ये, ती हयात असतानाच, ग्रंथरूपाने लिहिली. जोडीदाराच्या आठवणींची मोठी परंपरा मराठीस लाभली आहे. परंतु त्या बहुधा तो गेल्यानंतरच्या. जोडीदार समोर बसला असताना रोज थोडाथोडा जातो, त्या जाण्याचे लेखन आपल्याकडे विपुल व्हावयास हवे. कावेरीला रंगमंचावरून लवकर जावे लागले. निदान पुस्तकाच्या पानांत तरी तिला शेवटपर्यंत राहू द्यावे.