शुद्ध हवा आणि ताजी हवा : विद्युत्-मोटारीविषयीच्या एका गृहीतकाची तपासणी

विद्युत्-मोटारीला धूर ओकणारी नळी नसते. या निर्विवाद सत्यावरून लोकप्रिय लेखनात दुसरेच एक अनुमान काढले जाते : चार्जिंग चालू असता मोटारीत बसून राहणाऱ्याने हवेची चिंता करण्याचे कारण नाही. पेट्रोल भरण्यास काही मिनिटे पुरतात. शीघ्र चार्जिंगला मात्र वीस ते चाळीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ माणसे, बहुधा मुलेही, बंद काचांआड बसून असतात. म्हणून हे अनुमान तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम बाहेरील हवेचा विचार करू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॉस एंजेलिस परगण्यातील ५० शीघ्र चार्जिंग केंद्रांवर अडीच मायक्रोमीटरहून लहान अशा कणांचे मापन केले. तेथील सरासरी दर घनमीटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅम भरली. पेट्रोल पंपांवर ती १२ च्या आसपास, तर शहरात अन्यत्र ७ ते ८ होती. याचे कारण ज्वलन नव्हे. वीजप्रवाहाचे रूपांतर करणाऱ्या कपाटांना थंड ठेवणारे पंखे साचलेली धूळ पुन्हा हवेत उडवितात. काही शे मीटर दूर गेल्यावर हा परिणाम ओसरतो.

या अभ्यासाचे मोल मोठे आहे. तथापि त्याचा अर्थ लावताना संयम हवा. मापन केंद्राच्या आवारातील हवेचे आहे, मोटारीतील हवेचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे. अर्ध्या तासाच्या थांब्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय पुण्यामुंबईच्या हवेत मुळातच धूळ अधिक असल्याने तेथील आकडे येथे उसनवार आणण्यात अर्थ नाही. उचलण्याजोगी आहे ती त्यांची पद्धती.

या वृत्तावरून वाचक काच लावून, आतलीच हवा फिरविण्याची कळ दाबून निश्चिंत होईल, तर तो दुसऱ्या चुकीत सापडेल. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडतो. मोटारीच्या आतील अवकाश सुमारे ३ घनमीटर, म्हणजे ३००० लिटर धरला आणि तो पूर्णपणे हवाबंद मानला, तर या वायूचे प्रमाण दर मिनिटाला दशलक्ष भागांत १०० भागांनी वाढते. दोन माणसे असल्यास बाहेरील ४२५ च्या पातळीपासून निघून अमेरिकेतील कामगारांसाठी असलेली आठ तासांची ५००० ही सरासरी मर्यादा सुमारे २३ मिनिटांत गाठली जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने हा वेग कमी पडतो. पण उभ्या मोटारीत, वारा पडलेला असता, ही देवघेव अल्पच असते.

म्यूनिकचा आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर याने १८५८ मध्येच १००० ही मर्यादा सुचविली होती. हा वायू त्या प्रमाणात विषारी आहे असे त्याचे म्हणणे नव्हते; माणसांच्या वावराने हवा किती शिळी झाली याचे ते गमक आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ती मर्यादा पाळावयाची तर माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर बाहेरची हवा आत यावयास हवी.

येथेच चर्चेतील मूळ गफलत उघड होते. गाळणी कण अडविते, वायू नव्हे; उत्तम हेपा गाळणीतूनही कार्बन डाय-ऑक्साइड विनासायास पार होतो. वायुवीजन वायू घालविते, पण गाळणीवाचून धूळही आणते. म्हणजे ‘शुद्ध’ हवा आणि ‘ताजी’ हवा हे भिन्न गुण असून एकाच विशेषणाखाली दोन्ही दडपले जातात. त्यातच अनेक मोटारींत एकच शीतनयंत्रणा माणसांना व विद्युत्घटाला थंड करते. बाहेरची तप्त हवा घेतली की तिचा भार वाढतो, आणि म्हणून आतलीच हवा फिरविण्याकडे कल होतो.

तेव्हा मोटार पंख्यांच्या कपाटापासून शक्य तितकी दूर उभी करावी आणि बाहेरची हवा गाळणीतून आत घेत राहावी, हाच तूर्त विवेकाचा मार्ग दिसतो. अभ्यासकांनी मात्र येथील केंद्रांवर, उन्हाळ्यात, मोटारीच्या आत व बाहेर एकाच वेळी कण आणि वायू अशी दोन्ही मापने घ्यावयास हवीत. त्यांपैकी एकावरच विसंबून काढलेला निष्कर्ष अर्धवट राहील.