अंतर कुठून मोजायचं? सहारच्या टर्मिनल दोनविषयी

इथल्या आरे स्थानकातून मेट्रो तीनमध्ये बसलं की सीप्झ, एमआयडीसी, मरोळ नाका आणि चौथं स्थानक टी-टू. आपल्या इतक्या शेजारची इमारत, म्हणून आज तिच्याच आराखड्याबद्दल बोलू. मोरपिसाऱ्याच्या खांबांबद्दल आणि भिंतीवरच्या कलेबद्दल पुष्कळ बोललं गेलंय, ते मी सोडतो.

टर्मिनलचे आराखडे तुलनेला ठेवले की एक फूटपट्टी हमखास निघते: प्रवाशाला किती चालावं लागतं? २०१४ साली उघडलेलं टी-टू स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने इंग्रजी एक्स अक्षरासारखं मांडलं. शेजारचं जुनं सहार टर्मिनल चालू ठेवून, त्याला वळसा घालत टप्प्याटप्प्याने बांधायचं होतं; हा आकार त्या अडचणीतून आला. चेक-इन, तपासणी, दुकानं मध्यभागी आणि तिथून चार बाहू विमानांकडे. मधल्या भागापासून दरवाज्यापर्यंतचं चालणं कमीत कमी, असा दावा. दावा खोटा नाही. पण मोजायला सुरुवात मध्यापासूनच का?

अमेरिकेत कॅन्सस सिटीने १९७२ साली अगदी उलट केलं होतं. घोड्याच्या नालेसारखी तीन अरुंद टर्मिनलं; गाडीतून उतरा, थोडी पावलं टाका, समोर विमान. फूटपट्टीवर पहिला नंबर! पण अपहरणांमुळे १९७३ पासून तिथे सरसकट झडती सक्तीची झाली आणि त्या चिंचोळ्या इमारतीत तपासणी जागोजागी वाटून मांडावी लागली. तपासणीपलीकडे धड स्वच्छतागृहांना जागा उरेना. २०२३ मध्ये त्यांनी एकच नवं टर्मिनल उघडलं. आराखडा म्हणजे माणसाबद्दलचं एक गृहीतक असतं, सिमेंटमध्ये ओतलेलं. माणूस बदलतो, सिमेंट तसंच राहतं.

टी-टूचं गृहीतक काय? प्रवासी मोटारीने येतो. द्रुतगती मार्गावरून उन्नत रस्ता थेट वर, निर्गमनाच्या चौथ्या मजल्यावर. मेट्रो आली २०२४ मध्ये, आणि ती जमिनीखाली. आता आपल्यासारखा माणूस बॅग घेऊन पाताळातून वर चढतो, तेव्हा त्याचं चालणं कुठल्या तक्त्यात धरलंय? मोटारवाल्याचं मात्र धरलंय.

आणि सोडायला आलेले? आपल्याकडे एक निघतो आणि सहा जण पोचवायला येतात, हे वास्तुकारांना ठाऊक होतं, हे कबूल करायला हवं. नियमाने तिकिटाशिवाय आत जाता येत नाही, म्हणून त्यांनी दर्शनी बाजूला उंच, तारांवर ताणलेली काचेची भिंत दिली: बाहेरून बघा. मला ही त्या इमारतीतली सर्वांत विचारी जागा वाटते, आणि सर्वांत अपुरीही. कारण बघायला वेळ लागतो, आणि त्या भिंतीसमोरचा रस्ता गाड्या पुढे सरकवण्यासाठी आखलेला आहे. नजरेची सोय केली, थांबण्याची नाही. निरोपाला म्हातारी माणसंच जास्त असतात हो.

आता सांताक्रूझचं टी-वन पाडून नवं बांधण्याची योजना जाहीर झालीय. पर्याय मांडले जातील, तक्ते दाखवले जातील. तेव्हा आपण दोन रकाने मागून घ्यावेत: मेट्रोच्या फलाटापासून विमानापर्यंतचं अंतर, आणि पोचवायला आलेल्या आजीला बसायला मिळेल अशा जागेपासून काचेपर्यंतचं.